अवकाशयुद्धाच्या पटावरील मालवाहू जहाजे

युद्धाचा कोणताही खेळ घ्या, त्यात लढणाऱ्यांचीच गर्दी असते. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती आहे, उंट आहे, घोडा आहे. परंतु त्या हत्तीला चारा आणि घोड्याला चंदी पोहोचवणारा बैल चौसष्ट घरांत कोठेही नाही. प्रत्यक्षातील फौजा मात्र अशा बैलांवाचून एक मुक्कामही पुढे सरकल्या नाहीत. मोगल आणि मराठे या दोहोंच्या लष्करांना धान्य पुरवणारे लमाणांचे तांडे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात येतात आणि त्याच वाक्यात निघून जातात. प्रस्तुत लेखाचा विषयही पटावरच्या युद्धाचाच आहे. फरक इतकाच, की हा पट अवकाशाचा आहे आणि त्यावर बैलांची जागा मालवाहू जहाजांना द्यायची आहे. ती कशी द्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ज्या खेळाच्या आधारे मी लिहीत आहे त्याचे नाव ‘फुल थ्रस्ट’. इंग्लंडमधील जॉन टफली यांनी तो रचला आणि त्यांच्या ग्राउंड झीरो गेम्स या संस्थेने १९९० च्या दशकाच्या आरंभी तो प्रसिद्ध केला. पुढे १९९८ साली त्याचे ‘फ्लीट बुक’ निघाले व त्यात जहाजे रचण्याचे नियम नव्याने मांडले गेले. मी त्याच नियमांना धरून चाललो आहे. हे नियम प्रकाशकांनी मोफत खुले केले आहेत. आमच्या वसतिगृहातील एका मित्राने ते मोबाइलवर उतरवून घेतले आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले. विकतच्या छोट्या प्रतिकृती आम्हांला परवडण्यासारख्या नाहीत. काड्यापेटी, खोडरबर, संपलेली रिफिल आणि शाईच्या बाटलीचे झाकण एवढ्यावर आमची आरमारे उभी आहेत. दोन बाके जोडली की अवकाश तयार होते. अंतर मोजायला इंच घ्यावा की सेंटिमीटर, हे नियम खेळणाऱ्यावर सोडतात. बाक लहान असल्यामुळे आम्ही सेंटिमीटर धरतो.

खेळाची रीत थोडक्यात सांगतो. प्रत्येक जहाजाला वस्तुमान असते आणि त्या वस्तुमानातच सर्व काही बसवायचे असते. ताऱ्याताऱ्यांमधील उडीच्या इंजिनाला जहाजाच्या वस्तुमानाचा दहावा हिस्सा लागतो. साध्या इंजिनाच्या जोराला ‘थ्रस्ट’ म्हणतात आणि थ्रस्टच्या प्रत्येक अंकाला शेकडा पाच वस्तुमान खर्ची पडते. सांगाडा चौकोनांनी दाखवतात. एक मार बसला की एक चौकोन खोडायचा. हे चौकोन चार ओळींत मांडलेले असतात. एक ओळ संपली की जहाजावरील प्रत्येक यंत्रासाठी फासा टाकायचा. पहिल्या ओळीनंतर ६ पडला तर ते यंत्र बंद, दुसरीनंतर ५ किंवा ६, तिसरीनंतर ४, ५ किंवा ६. सर्व खेळाडू आपापले हुकूम आधी गुपचूप कागदावर लिहितात आणि मग सर्व जहाजे एकाच वेळी हलतात. एवढे समजले तरी पुढचे समजण्यास अडचण पडू नये. हा हिशेब चौथीच्या गणिताचा आहे, त्यामुळे विज्ञान शाखेच्या मित्रांनी हसू नये आणि कला शाखेच्या मित्रांनी पान उलटू नये.

आम्ही आमच्या जहाजांना मराठी आरमारातील नावे दिली आहेत. लढाऊ जहाज ते गुराब, चपळ लढाऊ जहाज ते गलबत आणि मालाचे मोठे जहाज ते शिबाड. शिबाड हा शब्द आता कोशातच उरला आहे, म्हणून तो पटावर तरी राहावा ही इच्छा.

आता मूळ अडचणीकडे वळू. आमच्याकडे डाव मांडला की गुराब कोणी घ्यायची यावरून भांडण होते आणि शिबाडे कोणालाच नको असतात. शेवटी ती प्रथम वर्षाच्या एखाद्या नवख्या मुलाच्या गळ्यात पडतात. तो मुलगा बहुधा नुकताच गावाहून आलेला, बुजरा असतो. त्याने पटाच्या एका कडेने शिबाडे आत आणायची, बाकीच्यांनी ती फोडायची, आणि तासाभरात त्याने चहा सांगायला खाली जायचे. मला वाटते, हा दोष मुलांचा जितका आहे त्याहून अधिक रचनेचा आहे. नियमांनी शिबाडाला जी किंमत दिली आहे, तिच्यात हे सारे आधीच लिहिलेले आहे.

उदाहरण म्हणून १०० वस्तुमानाचे एक शिबाड मांडू. उडीच्या इंजिनाला १०, थ्रस्ट २ साठी १०, सांगाड्याचे १० चौकोन म्हणजे आणखी १०. नेम धरण्याची यंत्रणा १, एक नंबरच्या दोन तोफा मिळून २, जवळ आलेली क्षेपणास्त्रे पाडण्याची यंत्रणा १. झाले ३४. उरलेले ६६ मालासाठी. आता किंमत पाहा. मूळ वस्तुमानाचे १०० गुण, दोन्ही इंजिनांचे २० व २०, सांगाड्याचे २०, नेमयंत्रणेचे ४, तोफांचे ६ आणि बचावयंत्रणेचे ३, एकूण १७३. या बेरजेत मालाच्या कोठाराचा आकडा कोठे आहे? नाही. कोठाराची किंमत शून्य धरली आहे. तेवढ्याच वस्तुमानाची एक मध्यम गुराब मी मांडून पाहिली, तर तिची किंमत ३३७ आली. तिच्यावर तोफांचे ३१ वस्तुमान आहे आणि त्याला दर वस्तुमानास ३ प्रमाणे ९३ गुण पडतात. म्हणजे तोफ जेथे बसते त्या जागेला भाव आहे. धान्य जेथे भरते त्या जागेला नाही. शिबाडाचे दोन तृतीयांश अंग फुकटचे! वेढा पडलेल्या वसाहतीला औषधे नेणारे शिबाड आणि आत नुसती हवा घेऊन फिरणारे शिबाड, दोघांची किंमत १७३ च.

लढाईपुरता विचार केला तर नियम रचणाऱ्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. कोठार गोळी झाडत नाही, म्हणून समतोल साधण्याच्या हिशेबात त्याला गुण नाहीत. परंतु मग शिबाडाचे मोल जहाजाच्या कागदावर शोधून उपयोग नाही. ते प्रसंगात शोधले पाहिजे. जहाज रचताना त्याचा प्रवासही सोबत रचावा लागतो, हे या लेखात मला प्रामुख्याने मांडावयाचे आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण समुद्रावरचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४२ मध्ये, भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाला इंधन आणि अन्न पोहोचवण्यासाठी ब्रिटिशांनी चौदा व्यापारी जहाजांचा तांडा पाठवला. या मोहिमेचे नाव ऑपरेशन पेडेस्टल. चौदापैकी पाच पोहोचली. वाटेत ईगल ही विमानवाहू नौका, मँचेस्टर व कैरो या क्रूझर आणि फोरसाइट ही विनाशिका, एवढे ब्रिटिशांनी गमावले. आता ‘फुल थ्रस्ट’च्या गुणांनी हिशेब केला तर ब्रिटिश साफ हरले. पण त्या पाचांत ओहायो नावाचे तेलवाहू जहाज होते. त्याचे इंजिन बंद पडले होते, कणा मोडायला आला होता, आणि दोन बाजूंना दोन विनाशिका बांधून त्याला १५ ऑगस्टला बंदरात आणले गेले. माल्टा टिकले. ओहायो पुन्हा कधी मालवाहतुकीला निघाले नाही, पण त्याच्या पोटातले तेल उतरले. आमच्या भाषेत सांगायचे तर थ्रस्ट शून्य, शेवटच्या ओळीत एखाददुसरा चौकोन शिल्लक, आणि तरीही डाव जिंकलेला.

तेव्हा पहिली सुधारणा आम्ही अशी केली की मालाला भाव दिला. तो तोफेच्याच दराने, म्हणजे दर वस्तुमानास ३ गुण. ६६ वस्तुमानाच्या कोठाराचे १९८ गुण झाले. हे गुण शिबाड ठरलेल्या जागी पोहोचून थांबले तरच मिळायचे. शत्रूने शिबाड बुडवले तर त्याला फक्त जहाजाचे १७३ मिळतील, मालाचे काही नाही. मात्र त्याने ते पंगू करून ताब्यात घेतले तर दोन्ही त्याचे. या एका नियमाने खेळाचा स्वभाव पालटला. पूर्वी गुराबवाले शिबाडाचा चुराडा करीत. आता ते इंजिन बंद पडेल इतकाच मार देऊन थांबू लागले. आणि ते थांबू लागले की राखणदाराला मध्ये शिरायला वेळ मिळतो.

दुसरी भर कोठाराच्या रचनेत. सबंध ६६ एकत्र न ठेवता आम्ही ११ – ११ ची सहा दालने करतो आणि ओळ संपल्यावर जसा प्रत्येक यंत्रासाठी फासा टाकायचा तसाच प्रत्येक दालनासाठी टाकतो. पहिल्या ओळीनंतर सहापैकी सरासरी पाच दालने वाचतात. तिन्ही ओळी संपल्या तर सरासरीने दोनसुद्धा वाचत नाहीत. यामुळे ‘पोहोचले की नाही’ या प्रश्नाच्या जागी ‘किती घेऊन पोहोचले’ हा प्रश्न येतो. तो मला जास्त खरा वाटतो.

आता वेगाकडे येऊ. या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण शिबाडाचे मर्म येथे आहे असे माझे मत आहे.

‘फुल थ्रस्ट’मध्ये वेगाला मर्यादा नाही. एकदा आलेला वेग तसाच राहतो. थ्रस्ट फक्त तो बदलण्यासाठी लागतो. त्यामुळे थ्रस्ट २ चे शिबाड गरीब दिसले तरी ते २० च्या वेगाने पटावर शिरू शकते. पळण्यात ते कोणाला हार जाणार नाही. त्याची अडचण थांबण्यात आहे. थ्रस्ट २ म्हणजे दर फेरीला वेग दोनाने कमी होणार. २० चा वेग शून्यावर आणायला दहा फेऱ्या, आणि त्या दहा फेऱ्यांत ते १८, १६, १४ असे घरंगळत एकूण ९० सेंटिमीटर जाणार. थ्रस्ट ४ असेल तर पाच फेऱ्या आणि ४० सेंटिमीटर. वळण्याचेही तसेच. दिशा बदलायला जास्तीत जास्त निम्मा थ्रस्ट वापरता येतो. घड्याळाच्या बारा आकड्यांप्रमाणे बारा दिशा धरल्या, तर थ्रस्ट २ चे शिबाड एका फेरीत एक आकडा वळते. पाठ फिरवायची तर सहा फेऱ्या हव्यात. तोवर बाक संपलेले असते.

माझे वडील ट्रक चालवतात. लासलगावचा कांदा वाशीला नेणे हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे सुटीत घरी गेलो की मी काय शिकतो याची ते बारकाईने चौकशी करतात. दिवाळीच्या सुटीत मी शिबाडाचा हा कागद घेऊन बसलो होतो. त्यांनी विचारले तेव्हा मी थांबण्याचे गणित समजावून सांगितले. ते म्हणाले, “यात नवीन काय? भरलेली गाडी चढाला फक्त रडते. जीव घेते ती उताराला.” कसारा घाटात भरलेली गाडी उतरवताना गिअर वरूनच खाली घालून ठेवावा लागतो, नुसत्या ब्रेकवर विसंबले तर ब्रेक तापून निकामी होतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण पटावरच्या त्या नव्वद सेंटिमीटरांचा आणि घाटाचा संबंध मला त्यांच्या बोलण्यातून जुळला.

या संबंधातून एक डावपेच निघतो. १२० सेंटिमीटरच्या पटावर २० वेगाने शिरलेल्या शिबाडाला बंदरात थांबायचे असेल, तर पहिले ३० सेंटिमीटर झाले की लगेच वेग उतरवायला सुरुवात करावी लागते. शेवटच्या पाच फेऱ्यांत ते मिळून अवघे २० सेंटिमीटर सरकते. म्हणजे शहाणा शत्रू वाटेत पाठलाग करणार नाही. तो बंदराच्या तोंडाशी थांबेल. आणि शहाणा राखणदार तांड्याच्या मागेपुढे घिरट्या न घालता आधीच बंदराकडे निघेल. आमच्याकडे हे प्रथम ध्यानात आले ते एका प्रथम वर्षाच्या मुलाच्या. त्याने आपली दोन गलबते सरळ पुढे काढून दिली तेव्हा शिबाडे उघडी टाकली म्हणून सगळे त्याला हसले. नवव्या फेरीला हसणे थांबले.

मग शिबाडाला अधिक थ्रस्ट द्यावा की अधिक सांगाडा? गंमत अशी की दोहोंचा दर सारखा पडतो. १० वस्तुमान आणि २० गुण खर्चून एकतर थ्रस्ट २ चा ४ होतो, नाहीतर चौकोन १० चे २० होतात. कोठार दोन्ही वेळा ६६ वरून ५६ वर येते. दोन नंबरच्या तीन तोफा असलेली गुराब १२ सेंटिमीटरच्या आत आली की सहा फासे टाकते. दर फाशाला सरासरी ०.८ मार धरला तर फेरीला पाचाच्या थोडा आत मार बसतो. १० चौकोनांचे शिबाड दोन फेऱ्या टिकेल, २० चौकोनांचे चार. उलट थ्रस्ट ४ असल्यास वरचा १२० सेंटिमीटरचा प्रवास बाराऐवजी नऊ फेऱ्यांत होतो. तीन फेऱ्या वाचल्या. त्या तिन्ही शत्रूच्या तोंडाशी काढाव्या लागल्या असत्या तर चौदा मार वाचले. कागदावर थ्रस्ट जिंकतो.

पण हे एकट्या शिबाडाचे. तांड्यात सर्वांत मंद जहाजाचा वेग हाच तांड्याचा वेग. पाचांपैकी एकही थ्रस्ट २ चे असेल तर इतर चौघांचा जादा थ्रस्ट वाया जातो, सांगाडा मात्र वाया जात नाही. महायुद्धात अटलांटिक महासागरावर ब्रिटिशांनी वेगवान जहाजांचे आणि मंद जहाजांचे तांडे वेगवेगळे ठेवले होते. एचएक्स वेगवान, एससी मंद. आणि हजारो सैनिक नेणारे क्वीन मेरी हे प्रवासी जहाज बहुतेक एकटेच जाई, कारण त्याच्या वेगाला राखणदारच पुरे पडत नसत. तेव्हा एकट्याने जायचे असेल तर इंजिन घ्यावे, सोबतीने जायचे असेल तर सांगाडा घ्यावा, असे मी ठरवले आहे.

माल एका मोठ्या शिबाडात भरावा की दोन लहानांत, हा प्रश्न याच ओघात येतो. ५० वस्तुमानाचे शिबाड त्याच प्रमाणात रचले तर यंत्रे व सांगाडा मिळून १९ जातात आणि मालाला ३१ उरतात; किंमत ९३. अशी दोन घेतली तर माल ६२ आणि किंमत १८६. एका मोठ्याच्या तुलनेत ४ वस्तुमान माल कमी आणि १३ गुण जास्त. हा विम्याचा हप्ता समजावा. ज्या शत्रूकडे एकच नेमयंत्रणा आहे, त्याला एका फेरीत एकाच जहाजावर मारा करता येतो. मग हप्ता वसूल होतो. फॉकलंड बेटांच्या लढाईत २५ मे १९८२ रोजी अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी पेटले. त्याबरोबर तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरे गेली. जहाजावरच्या बारा माणसांचे प्राण गेले. ज्या सैनिकांना ती हेलिकॉप्टरे नेणार होती, त्यांतल्या अनेकांना पाठीवर ओझे घेऊन बेट पायी तुडवावे लागले. एकाच पोटात सारे भरल्याचा तो परिणाम.

साहाय्यक जहाजांपैकी इतरांविषयी थोडक्यात लिहितो. तेलवाहू जहाजाला ‘फुल थ्रस्ट’च्या एका डावात काही काम नाही, कारण येथे इंधन मोजतच नाहीत. १९७३ साली अमेरिकेत निघालेल्या ‘ट्रायप्लॅनेटरी’ या खेळात ते मोजतात, त्यामुळे तेथे तेलवाहू जहाजाला मान आहे. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्येही एका लहानात लहान उडीला जहाजाच्या आकारमानाचा दहावा हिस्सा इंधन लागते. दारूगोळ्याचे जहाज मात्र आपल्याही खेळात करता येते. क्षेपणास्त्रांच्या एका फैरीला २ वस्तुमान लागते, म्हणजे आपल्या शिबाडात ३३ फैरी मावतील. पण त्या भर लढाईत उतरवून घेण्याचा नियम करू नये, कारण मग डाव संपतच नाही. दुरुस्तीचे जहाजही दोन डावांच्या मधल्या काळात शोभते. लढाऊ जहाजाला दर २० वस्तुमानामागे एक दुरुस्ती-तुकडी मिळते, मालवाहूला ५० मागे एक. म्हणजे गुराबीवर पाच आणि शिबाडावर दोनच. आग लागली तर विझवणारे हातही कमी. याला मी काही उपाय सुचवत नाही. खऱ्या मालवाहू जहाजांवरही माणसे थोडीच असतात.

ओढणाऱ्या जहाजाबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहितो. उडीचे इंजिन वस्तुमानाचा दहावा हिस्सा खाते. ते काढून टाकले तर तेवढ्यात तोफा बसतात, आणि लहान जहाज मोठ्याला भारी पडते. परंतु मग त्याला रणांगणापर्यंत कोणीतरी ओढून न्यावे लागते. आपल्या नौदलाने ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर केलेला हल्ला या कल्पनेशी अगदी मिळताजुळता आहे. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र-नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या आणि कमी पल्ल्याच्या होत्या. त्यांना काही अंतर ओढून नेण्यात आले. किलतान आणि कच्छल या नौका सोबत होत्या आणि पोषक हे तेलवाहू जहाज तांड्याबरोबर होते. त्या रात्री बुडालेल्यांत खैबर ही विनाशिका होती, तसेच दारूगोळा वाहणारे व्हीनस चॅलेंजर हे व्यापारी जहाजही होते. ४ डिसेंबर आपण नौदल दिन म्हणून पाळतो. निपात आणि निर्घात ही नावे पुष्कळांना ठाऊक असतात. पोषक हे नाव मी वसतिगृहात दहा जणांना विचारले. एकालाही ठाऊक नव्हते.

आता पुन्हा वडिलांच्या एका प्रश्नाकडे येतो. माझा कागद पाहून त्यांनी विचारले होते, “हे येताना काय भरणार?” मी म्हणालो, येताना काही नाही, माल पोहोचला की डाव संपतो. त्यांना ते पटले नाही. वाशीला कांदा उतरवल्यावर रिटर्न भाडे मिळेपर्यंत मार्केटच्या आवारात दोनदोन दिवस गाडी उभी राहते. खाली गाडी आणली तर डिझेल अंगावर पडते आणि मालक बोलतो. गाडीचा फेरा जाऊन येऊनच पुरा होतो, हे त्यांचे म्हणणे. त्यावरून आम्ही डावाचे दोन भाग केले. पहिल्या भागात माल न्यायचा. दुसऱ्या भागात त्याच शिबाडांत वसाहतीतील जखमी आणि मुलेबाळे भरून परत आणायची. पहिल्या भागात खोडलेले चौकोन तसेच खोडलेले राहतात. रिकामे शिबाड परत आणायचे असेल तर त्याला थ्रस्ट ३ देतो, पण परतीचे गुण शून्य.

या बदलाचा परिणाम आमच्या अपेक्षेबाहेर झाला. एका फेऱ्याच्या डावात शिबाडवाला शेवटी जहाजाची पर्वा करीत नसे; माल उतरला की जहाज बुडो. आता तो पहिल्या फेरीपासून जपून चालतो. शत्रूलाही निवड करावी लागते: जाताना मारावे की येताना? फेब्रुवारीत आम्ही पाच शिबाडांचा असा पूर्ण डाव खेळलो. तो दोन रात्री चालला. तीन शिबाडे पोहोचली, त्यांतले एक फक्त दोन दालने घेऊन. परत आली दोन. गुणांची बेरीज केली तेव्हा गुराबवाले ११ गुणांनी पुढे होते, आणि शिबाडवाला म्हणत होता की मोडके जहाज बंदरातच ठेवून दिले असते तर आपण जिंकलो असतो. त्यावर पहाटेपर्यंत वाद झाला. चहा सांगायला कोणी गेले नाही.

एक गोष्ट अद्याप सुटलेली नाही, ती रुग्णवाहू जहाजाची. १९०७ च्या हेग करारानुसार रुग्णवाहू जहाजावर हल्ला करता येत नाही, आणि त्या जहाजानेही लष्करी कामात भाग घ्यायचा नाही. पटावर हे आणले की लगेच कोणीतरी त्याच्या आडोशाला गुराब लपवतो. त्याच्याजवळ १२ सेंटिमीटरच्या आत स्वतःचे लढाऊ जहाज नेल्यास संरक्षण संपते, असा नियम मी सुचवला. त्यावर माझ्या खोलीतल्या मित्राचा आक्षेप असा, की मग शत्रूच मुद्दाम आपले जहाज रुग्णवाहूजवळ नेईल, म्हणजे राखणदाराला जवळ येता येणार नाही आणि जखमींना वाली उरणार नाही. आक्षेप बिनतोड आहे. सध्या आम्ही परतीच्या शिबाडांवर लाल चिन्ह काढत नाही. जखमी असले तरी ती शिबाडे म्हणूनच चालतात. राज्यशास्त्राच्या सरांनी युद्धविषयक करारांचे पुस्तक ग्रंथालयातून काढून देण्याचे कबूल केले आहे. ते हाती आले की हा नियम पुन्हा लिहायला घेऊ.

(द्वितीय वर्ष कला)